विद्युत्प्रवाहाचें मोल

पितळेच्या भांड्याची कल्हई गेली कीं त्यांतलें ताक कळकतें, हें वाशीमकडच्या गृहिणींना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. आंबट रस धातूला खातो. धातूचें हें झिजणें हीच विजेची जननी आहे काय, या प्रश्नावर युरोपांत १८०० पासून सुमारें ४० वर्षें वाद चालला.

इटलींतील पाव्हिया येथील अध्यापक व्होल्टा यांनीं २० मार्च १८०० रोजीं लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष बँक्स यांस एक पत्र लिहिलें. रुप्याची चकती, तीवर जस्ताची, तीवर मिठाच्या पाण्यांत भिजविलेला पुठ्ठा, अशी चळत रचली असतां विजेचा अखंड प्रवाह मिळतो, असें त्यांत होतें. दोन भिन्न धातूंचा स्पर्श हेंच प्रवाहाचें मूळ. ओला पुठ्ठा केवळ वाहक, असें त्यांचें मत होतें.

त्याच वर्षीं इंग्लंडांत डेव्ही यांस आढळलें कीं, पुठ्ठ्यांतील पाणी अगदीं शुद्ध असेल तर चळत निर्जीव होते, आणि जस्ताचा प्राणवायूशीं संयोग जितका जलद, तितका तिचा जोर अधिक. १८०१ सालीं वुलस्टन यांनीं जस्त व रुपें सौम्य आम्लांत ठेवलें. बुडबुडे जस्तावरच उठत. दोन्ही धातु एकमेकांस भिडवतांच ते रुप्यावरहि उठूं लागले. झिजत होतें मात्र जस्तच!

अखेर फॅरडे यांनीं १८३४ च्या सुमारास मोजून दाखविलें कीं, जितकें जस्त विरघळतें, त्याच प्रमाणांत वीज मिळते. नुसत्या स्पर्शानें प्रवाह वाहता, तर कांहींहि खर्च न होतां शक्ति निर्माण झाली असती. आणि तसें निसर्गांत कोठेंहि घडत नाहीं, असें त्यांनीं १८४० मध्यें बजाविलें.

१८९७ सालीं इलेक्ट्रॉनाचा शोध लागला व पुढें या झिजेचें मर्म उलगडलें. जस्ताचा अणु दोन इलेक्ट्रॉन मागें ठेवून द्रवांत उतरतो. तेच इलेक्ट्रॉन तारेंतून पुढें जातात. व्होल्टाहि सर्वस्वीं चुकले नव्हते. भिन्न धातूंच्या स्पर्शानें विद्युद्दाब उत्पन्न होतो खरा. परंतु प्रवाह चालू ठेवण्याचा खर्च त्यांतून भागत नाहीं.

भिंतीवरील घड्याळांतला साधा जस्ताचा सेल संपला कीं त्याची डबी आंतून खाल्लेली असते. घड्याळाच्या प्रत्येक ठोक्याचें मोल जस्तानें आधींच चुकविलेलें असतें.