मोहाची दारू: सवय की परिस्थिती?

'दारू ही आदिवासींची जीवनशैलीच आहे,' असं तुम्ही ऐकलं असेल. (पैसेवाला प्यायला की ती पार्टी असते!) आपल्या नंदुरबारचा इतिहास मात्र वेगळं सांगतो.

सातपुड्यात मोहाची दारू घरीच गाळत. ती सणाला, लग्नाला, देवाला लागे. 1878 च्या मुंबई अबकारी कायद्याने घरची भट्टी गुन्हा ठरली. दारू आता मक्तेदाराच्या दुकानातून, पैसे मोजून घ्यायची. हातात रोकड नसलेल्या माणसाच्या डोक्यावर उधारी आली. माणूस तोच, दारूही तीच, व्यवहार बदलला.

1930 च्या दशकात तळोद्याकडच्या गुलाम महाराजांनी दारू सोडायला सांगितलं आणि हजारो भिल्लांनी ती सोडली. स्वभावच तसा असता तर हे घडलं असतं का? पुढे 1970 च्या दशकात शहाद्यात श्रमिक संघटना मजुरीसाठी आणि हातातून गेलेल्या जमिनींसाठी लढली. त्याच लढ्यातल्या शेतमजूर बायकांनी गावोगावी दारूची मडकी फोडली.

म्हणून यकृताचा त्रास घेऊन आलात, तर 'किती पिता?' एवढ्यावर मी थांबत नाही. मजुरी किती मिळते, उचल कुणाकडून घेतली, ऊसतोडीला कधी जाता, हेही विचारतो. संकोच न करता सांगा.