कुष्ठरोग आणि दात : एक दुर्लक्षित इतिहास

कुष्ठरोगाचा उल्लेख होताच झडलेली बोटे डोळ्यांपुढे येतात. दातांचा विचार सहसा कोणाच्या मनात येत नाही. डेन्मार्कमधील नेस्टवेड येथील मध्ययुगीन कुष्ठालयाच्या दफनभूमीतले सांगाडे डॉ. म्योलर-क्रिस्टेन्सेन यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास तपासले, तेव्हा वरच्या जबड्याचे पुढील हाड झिजून समोरचे दात गळालेले आढळले. या रोगाचे जंतू शरीराच्या थंड भागी वाढतात. नाक व त्यालगतचा जबडा त्यांच्या तावडीत सापडतो तो यामुळेच.

आपल्याकडे १८९० साली मुंबईत वडाळ्यास अ‍ॅकवर्थ रुग्णालय निघाले. पाठोपाठ १८९८ चा कायदा आला. तो जेथे लागू होई तेथे रुग्णास सार्वजनिक विहिरीचे पाणी घेण्यास, भाड्याच्या गाडीत बसण्यास, एवढेच नव्हे तर अन्न व कपडा विकण्यासही मनाई करता येत असे. (कापडाच्या व्यापाऱ्यास हे कलम वाचताना विशेष अस्वस्थ व्हायला होते.) ज्यास गाडीत बसण्याचीच चोरी, तो दाढ दुखली म्हणून वैद्याकडे जाणार कसा? हा कायदा रद्द होण्यास २०१६ साल उजाडावे लागले.

१९८३ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात बहुविध औषधोपचार आला आणि रोग पूर्ण बरा होऊ लागला. परंतु जंतू मेले तरी मेलेली नस परत येत नाही. आखडलेल्या बोटांत ब्रश ठरत नाही. चेहऱ्याची नस गेली असेल तर ओठ मिटत नाहीत, तोंड कोरडे पडते; संवेदना गेली असेल तर कीड खोलवर जाईपर्यंत ठणकाही जाणवत नाही. कवळी बसविली, तरी ती काढण्याघालण्यास बोटेच लागतात!

आपल्या कोपरहून कल्याणकडे जाताना पत्रीपुलाच्या परिसरात हनुमाननगर ही कुष्ठरुग्णांची वसाहत आहे. कुष्ठरुग्णांच्या सेवेबद्दल डोंबिवलीचे माजी नौसैनिक श्री. गजानन माने यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. औषध, मलमपट्टी, रोजगार यांकडे समाजसेवकांचे लक्ष गेले. दातांची पाळी मात्र सर्वत्रच शेवटी येते. बरा झालेला रुग्ण संसर्ग पसरवीत नाही, तरीही दंतवैद्याच्या खुर्चीपर्यंत जाण्यास तो स्वतःच बिचकतो.

उपाय काही फार खर्चाचे नाहीत. ब्रशाची मूठ जाड केली की ती वाकड्या बोटांतही धरता येते; त्यासाठी जुन्या सुती कापडाची पट्टी चार वेढे गुंडाळली तरी भागते.