मोटारगाडीचा ब्रेक सर्व्हो

ब्रेकच्या पेडलवर चालकाने दिलेला जोर वातावरणाच्या दाबाच्या साहाय्याने वाढवून तो द्रवीय ब्रेकच्या मुख्य सिलिंडरकडे पोहोचविणारी यंत्रणा. कारागिरांच्या बोलीत तिला ‘बूस्टर’ म्हणतात. प्रत्यक्ष ब्रेक लावण्याचे काम ही यंत्रणा करीत नाही. ते मुख्य सिलिंडर, द्रव वाहून नेणाऱ्या नळ्या आणि चाकांवरील ड्रम किंवा चकत्या यांचे असते. त्यामुळे सर्व्हो निकामी झाला, तरी ब्रेक नाहीसा होत नाही; तो फक्त जड होतो. हा भेद न समजल्यामुळे चालक ब्रेक ‘गेला’ असे समजून पेडलवरील पाय काढतो आणि वेळीच पुरेसा जोर लावला असता टळला असता असा अपघात घडतो.

इतिहास : प्रारंभीच्या मोटारगाड्यांना बहुधा फक्त मागील चाकांवर ब्रेक असत व ते तरफा, सळ्या आणि तारा यांच्या योगाने लावले जात. चारही चाकांवर ब्रेक आल्यावर ते लावण्यास चालकाच्या पायाचा जोर अपुरा पडू लागला. १९१९ मध्ये हिस्पानो-सुइझा कंपनीच्या एच-६ या गाडीत मार्क बिर्किग्ट या अभियंत्यांनी धावत्या गाडीच्या गतीचाच उपयोग करून ब्रेकचा जोर वाढविणारी यांत्रिक योजना केली. पुढे रोल्स-रॉइस कंपनीनेही ती स्वीकारली. १९२१ मध्ये ड्यूसेनबर्ग गाडीत चारही चाकांचे द्रवीय ब्रेक आले व सर्व चाकांना सारखा दाब देण्याचा प्रश्न पुष्कळसा सुटला. जोर मात्र अद्याप पायालाच द्यावा लागे.

तो एंजिनाकडून मिळविण्याची युक्ती बेल्जियन अभियंते आल्बेअर द्वांद्र यांनी यशस्वी केली. त्यांच्या निर्वात सर्व्होचे उत्पादन जर्मनीतील बॉश कंपनीने १९२७ च्या सुमारास सुरू केले. १९२८ मध्ये अमेरिकेतील पिअर्स-ॲरो गाडीतही निर्वात साहाय्य आले. तथापि दीर्घकाळ ही सोय मोठ्या व महागड्या गाड्यांपुरतीच राहिली. ड्रम ब्रेकमध्ये फिरता ड्रम पुढच्या पट्ट्याला आपल्याबरोबर ओढतो व दाब काहीसा आपोआप वाढतो, हे याचे एक कारण होय. चकती-ब्रेकमध्ये असे स्वयंवर्धन नसते. १९५३ मध्ये ल मां येथील शर्यत चकती-ब्रेक असलेल्या जॅग्वार गाडीने जिंकल्यावर या ब्रेकचा प्रसार झपाट्याने झाला आणि त्याबरोबर सर्व्होही सामान्य गाडीत आला.

निर्वाताचा उपयोग रेल्वेने त्यापूर्वीच केला होता. पण त्यामागील तत्त्व उलट होते. आगगाडीच्या निर्वात ब्रेकमध्ये निर्वात टिकून असेपर्यंत ब्रेक सुटलेला राहतो व नळी तुटताच तो आपोआप लागतो. मोटारगाडीत निर्वात गेला की ब्रेक लागत नाही, केवळ साहाय्य थांबते. म्हणून येथे सुरक्षितता चालकाच्या जाणकारीवर अधिक अवलंबून असते.

रचना व कार्य : सर्व्हो म्हणजे पत्र्याचा बंद डबा असून आतील रबरी पटलाने त्याचे दोन कप्पे झालेले असतात. पेट्रोल एंजिन ज्या नळीतून हवा आत घेते तीत निर्वात निर्माण होतो व तो रबरी नळीने डब्यास मिळतो. पेडल मोकळे असताना दोन्ही कप्प्यांत निर्वात असतो. पेडल दाबताच आतील झडप कप्प्यांमधील वाट बंद करते व मागील कप्प्यात बाहेरची हवा घेते. वातावरणाचा दाब पटलास पुढे ढकलतो आणि पटलाचा दांडा मुख्य सिलिंडरचा दट्ट्या दाबतो. पटलाचा व्यास २० सेंमी. व दाबांतील फरक दर चौ. सेंमी. ला ०·७ किग्रॅ. असल्यास सु. २२० किग्रॅ. जोर मिळतो. नळीतील एकमार्गी झडप निर्वात साठवून ठेवते. त्यामुळे एंजिन बंद पडल्यावरही दोन-तीन वेळा ब्रेकला साहाय्य मिळते, त्यानंतर मात्र मिळत नाही. डीझेल एंजिनाच्या आदान नळीत असा निर्वात नसल्याने त्यास स्वतंत्र निर्वात पंप लागतो. अनेक भारतीय गाड्यांत तो अल्टरनेटरला जोडलेला असल्याने पट्टा तुटला की विजेचा भरणा व ब्रेकचे साहाय्य एकदमच थांबते.

भारतात : मुंबईतील प्रीमिअर ऑटोमोबाइल्सच्या फियाट ११०० (पुढे प्रीमिअर पद्मिनी) आणि हिंदुस्थान मोटर्सच्या ॲम्बॅसडर या गाड्यांच्या मूळ रचनेत ड्रम ब्रेक होते व सर्व्हो नव्हता. त्या गाड्यांवर शिकलेल्या चालकाच्या पायास जड ब्रेकची सवय असे. १९८३ मध्ये मारुती ८०० ही गाडी आल्यानंतरच्या काळात पुढील चाकांवरील चकती-ब्रेक व बूस्टर हळूहळू सर्वत्र रूढ झाले. हलक्या पेडलवर शिकलेल्या पिढीस बूस्टर बिघडल्यावर येणारा जडपणा अपरिचित राहिला. उलट, उतारावर इंधन वाचविण्यासाठी एंजिन बंद करण्याची जुन्या काळातील सवय मात्र काही चालकांत टिकून राहिली. सर्व्हो असलेल्या गाडीत ती अधिकच घातक ठरते. कारण साठलेला निर्वात दोन-तीन वेळच्या ब्रेकने संपतो आणि गिअर काढलेला असल्यास एंजिनाचा रोधही मिळत नाही.

हा दोष कोठे लपतो व कोठे उघड होतो, हे अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील राहाता येथील वाहतुकीवरून लक्षात येते. शिर्डीपासून सु. ५ किमी. अंतरावरील हे तालुक्याचे ठिकाण नगर-मनमाड मार्गावर आहे. भाविकांच्या गाड्या आणि गळीत हंगामात उसाने भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या एकाच रस्त्याने जातात. याच तालुक्यात प्रवरानगर (लोणी) येथे १९५० मध्ये सहकारी साखर कारखाना सुरू झाला. परिसर सपाट असल्याने ब्रेक पुष्कळदा पण हलकेच लावावा लागतो व किंचित फाटलेले पटल किंवा सैल नळी चालकाच्या ध्यानात येत नाही. तीच गाडी नाशिकमार्गे मुंबईस परतताना कसारा घाटात सु. ३०० मी. खाली उतरते, तेव्हा तोच दोष गंभीर होतो. २०२२ मध्ये नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झालेल्या समृद्धी महामार्गाने या भागातील वाहनांचा वेगही वाढविला आहे. म्हणून परतीच्या प्रवासापूर्वी सपाटीवरच सर्व्हो तपासणे इष्ट होय.

निदान : पेडलच्या वर्तनावरून दोषाचे स्थान बहुधा कळते. पेडल लवचिक लागल्यास द्रवात हवा शिरलेली असते. दाबून धरले असता ते हळूहळू खाली गेल्यास मुख्य सिलिंडर किंवा नळी गळत असते. पेडल कडक व थांबण्याचे अंतर वाढलेले असल्यास सर्व्हो किंवा त्याचा निर्वातपुरवठा संशयास्पद मानावा. ब्रेक दाबताच फुसफुस आवाज येणे किंवा एंजिन अडखळणे ही गळतीची लक्षणे होत.

गाडी सपाट जागी उभी करून तीन परीक्षा करतात. (१) एंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबून साठलेला निर्वात संपवावा व पेडल दाबून धरून एंजिन सुरू करावे. पेडल किंचित खाली गेले पाहिजे. (२) एंजिन एक-दोन मिनिटे चालवून बंद करावे व पेडल क्रमाने दाबावे; ते प्रत्येक वेळी अधिक वर थांबले पाहिजे. (३) एंजिन चालू असताना पेडल दाबून धरावे, एंजिन बंद करावे व अर्धा मिनिट थांबावे. पेडल वर येता कामा नये.

परीक्षा फसली तरी लगेच बूस्टर बदलू नये. प्रथम रबरी नळी भेगांसाठी पहावी, एकमार्गी झडप फुंकून हवा एकाच दिशेने जाते याची खात्री करावी आणि दाबमापकाने निर्वात मोजावा. राहाता समुद्रसपाटीपासून सु. ५०० मी. उंचीवर असल्याने तेथे हे माप किनाऱ्यावरील मापापेक्षा सु. ४० मिमी. पारा इतके कमी येणे स्वाभाविक आहे; तो दोष समजू नये. मुख्य सिलिंडर काढल्यावर मागे ब्रेकचा द्रव दिसल्यास त्याची सील गेलेली असते. हा द्रव पटलाचे रबर खराब करतो. अशा वेळी मुख्य सिलिंडर दुरुस्त न करता केवळ नवा बूस्टर बसविणे व्यर्थ होय.

बदल : डब्याच्या आत दाबलेली जोरकस स्प्रिंग असल्याने तो फोडून दुरुस्त करणे धोक्याचे असते, सामान्यतः संपूर्ण बूस्टर बदलतात. निर्वात नळी काढून मुख्य सिलिंडरचे नट सोडतात. द्रवाच्या नळ्या पुरेशा लांब असल्यास त्या न उघडता सिलिंडर बाजूस घेता येते. नंतर चालकाच्या पायाजवळ पेडलचा दांडा जोडणारी पिन व पडद्यावरील नट काढून बूस्टर बाहेर घेतात. नवा बसविताना त्याचा दांडा व मुख्य सिलिंडरचा दट्ट्या यांतील अंतर उत्पादकाच्या सूचनेप्रमाणे असावे लागते. दांडा लांब राहिल्यास ब्रेक पूर्ण सुटत नाही व चाके तापतात. तो आखूड राहिल्यास पेडल खोल जाते. द्रवाच्या नळ्या उघडल्या असल्यास हवा काढावी लागते. शेवटी वरील तिन्ही परीक्षा पुन्हा करून मोकळ्या जागी मंद वेगात गाडी थांबवून पाहतात.

नियमन व अलीकडील स्थिती : केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील नियम ९६ ब्रेकविषयी आहे. वाहनांच्या चाचण्या करणाऱ्या मान्यताप्राप्त संस्थांत पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया व अहिल्यानगर येथील वाहन संशोधन व विकास संस्था यांचा समावेश होतो. विद्युत् मोटारगाडीत एंजिनच नसल्याने निर्वातासाठी विजेचा पंप वापरतात किंवा विद्युत् चलित्राने थेट जोर पुरवितात. साहाय्याचे साधन बदलले, तरी ते थांबल्यास पेडल जड होईल पण ब्रेक उरेल, हे तत्त्व अनेक रचनांत कायम आहे. पेडल अचानक कडक झाल्यास पाय न काढता सर्व जोर एकवटून ते दाबून धरणे व खालचा गिअर टाकून वेग कमी करणे, हाच चालकाचा तत्काळ उपाय होय.