मूठ आणि चिमूट : यांत्रिक हाताच्या इतिहासातील एक प्रश्न

भोर व वेल्हे या मावळी भागांत भाताची लावणी आजही पुष्कळ अंशी हातानेच होते. डाव्या हातात रोपांची जुडी असते. उजव्या हाताचा अंगठा व दोन बोटे तीन-चार रोपे सुटी करून ती चिखलात रोवितात. डावा हात मूठ वळतो, उजवा चिमूट धरतो. पकडीच्या या दोन जाती मराठीने फार पूर्वीच निराळ्या ओळखल्या व त्यांची मापेही केली. ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ जॉन नेपियर यांनी १९५६ मध्ये बळाची पकड व अचूकपणाची पकड असा जो भेद मांडला, तो या दोन शब्दांपासून फार दूर नाही. (ओंजळ मात्र त्यात बसत नाही, तिला दोन हात लागतात.)

यांत्रिक हाताला मूठ लवकर साधली. जर्मन सरदार गट्झ फॉन बर्लिखिंगेन याचा हात १५०४ मध्ये तुटला. त्याच्या लोखंडी हाताची बोटे दुसऱ्या हाताने वाकवून अडकवावी लागत. पुढे १९१२ मध्ये अमेरिकेत डॉरन्स याने दुभंगलेला आकडा काढला. खांद्याच्या हालचालीने तार ओढली की तो उघडे व रबरी पट्ट्यांनी मिटे. दिसण्यात तो हात नव्हेच. पण हाताचे रूप सोडल्यावरच स्वस्तात चिमूट मिळाली, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

दुसऱ्या महायुद्धातील जखमी सैनिकांसाठी १९४४ मध्ये पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र निघाले. भोरपासून ते पन्नासएक किलोमीटरवर. कडबाकुट्टीत वा मळणीयंत्रात हात सापडण्याचे अपघात महाराष्ट्रास अपरिचित नाहीत. तेव्हा हा प्रश्न केवळ रणांगणाचा राहिलेला नाही.

बेलग्रेड येथील तोमोविच व बोनी यांनी १९६२ मध्ये मांडलेला हात वस्तूच्या आकाराशी स्वतः जुळवून घेई. कार्नेगी मेलन विद्यापीठात २०२३ मध्ये सिद्ध झालेल्या ‘लीप’ हातास चार बोटे व सोळा मोटरी आहेत. भाग छापील व बाजारी असल्यामुळे खर्च सुमारे २,००० डॉलर. संशोधकास ही किंमत अल्प, शेतकऱ्यास नव्हे. शिवाय तो प्रयोगशाळेतील यंत्रमानवासाठी आहे, गुडघाभर चिखलासाठी नाही. जुडी धरण्यास तारेचा आकडा पुरतो. चिकटलेली मुळे चाचपून रोपे सुटी करणे त्यास जमत नाही. म्हणून उजवा हात गमावलेल्यास आकड्यात जुडी धरून लावणी डाव्या हाताने शिकावी लागते.