फॅशन डिझाइनमधील पदवी शिक्षण (भारत)

फॅशन डिझाइनमधील पदवी शिक्षण म्हणजे वस्त्रप्रावरणांची संकल्पना, आरेखन, बेतणी, शिलाई व उत्पादन यांचे विद्यापीठीय पातळीवर दिले जाणारे शिक्षण होय. भारतात हा अभ्यासक्रम सामान्यतः चार वर्षांचा असून तो पूर्ण करणाऱ्या विद्यार्थ्यास 'बॅचलर ऑफ डिझाइन' (बी.डेस.) ही पदवी मिळते. केंद्रीय वस्त्रोद्योग मंत्रालयाच्या अखत्यारीतील राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्था (निफ्ट) ही या क्षेत्रातील देशातील प्रमुख शासकीय संस्था आहे. हा विषय चित्रकलेच्या जवळचा समजला जात असला, तरी अभ्यासक्रमाचा मोठा भाग मापे, कापडाचे गुणधर्म आणि शिवणकाम यांनी व्यापलेला असतो.

इतिहास

भारतात कपडे बेतण्याचे व शिवण्याचे कौशल्य दीर्घकाळ शिंपी कुटुंबांत आणि कारखान्यांत प्रत्यक्ष कामातूनच पुढच्या पिढीकडे जात असे. महाविद्यालयीन पातळीवर वस्त्रशास्त्र हा विषय प्रामुख्याने गृहविज्ञान शाखेत शिकवला जाई. 'गांधी' चित्रपटासाठी १९८३ साली ऑस्कर पुरस्कार मिळवणाऱ्या कोल्हापूरच्या वेशभूषाकार भानू अथैया यांचे शिक्षण मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत चित्रकलेचे झाले होते.

तयार कपड्यांच्या निर्यातीला प्रशिक्षित मनुष्यबळाची गरज भासू लागल्यावर १९८६ साली नवी दिल्ली येथे निफ्टची स्थापना झाली. आरंभीच्या काळात न्यूयॉर्कच्या फॅशन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेचे सहकार्य तिला लाभले. १९९० च्या दशकात संस्थेचा विस्तार मुंबईसह अन्य शहरांत झाला. मुंबई केंद्र सध्या नवी मुंबईतील खारघर येथे आहे.

पदवी आणि पदविका

विद्यापीठ अनुदान आयोग अधिनियम, १९५६ च्या कलम २२ नुसार पदवी देण्याचा अधिकार केवळ कायद्याने स्थापन झालेली विद्यापीठे, अभिमत विद्यापीठे आणि संसदेने खास अधिकार दिलेल्या संस्था यांनाच आहे. पदविका आणि प्रमाणपत्रे यांना हे बंधन लागू नाही. त्यामुळे एकाच शहरात, जवळपास सारखाच विषय शिकवणाऱ्या दोन संस्थांपैकी एक पदवी देते व दुसरी केवळ पदविका, असे आढळते.

निफ्टही आपल्या पहिल्या दोन दशकांत पदविकाच देत असे. राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्था अधिनियम, २००६ अन्वये तिला वैधानिक दर्जा व पदवी प्रदान करण्याचा अधिकार मिळाला. १९६१ साली अहमदाबाद येथे स्थापन झालेल्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेस (एनआयडी) हा अधिकार २०१४ च्या अधिनियमाने मिळाला. या दोन्ही संस्थांतील पदविकाधारकांनी उद्योगात नाव मिळवले आहे. मात्र पदव्युत्तर प्रवेश, अध्यापन किंवा शासकीय नोकरी यांसाठी जेथे पदवीची अट असते, तेथे हा भेद निर्णायक ठरतो. खासगी संस्थांच्या बाबतीत अंतिम प्रमाणपत्र कोणत्या विद्यापीठाच्या नावाने दिले जाते, यावरून अभ्यासक्रमाचा दर्जा स्पष्ट होतो.

प्रवेश

बी.डेस. अभ्यासक्रमास कोणत्याही शाखेतून बारावी उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यास अर्ज करता येतो. निफ्टच्या प्रवेशप्रक्रियेत सामान्य क्षमता चाचणी आणि सर्जनशीलता चाचणी अशा लेखी परीक्षा असतात. त्यानंतरच्या प्रात्यक्षिक चाचणीत दिलेल्या साहित्यातून ठरावीक वेळेत त्रिमितीय रचना तयार करावी लागते. वस्त्रनिर्मितीच्या तांत्रिक बाजूवर भर देणारी 'बॅचलर ऑफ फॅशन टेक्नॉलॉजी' ही वेगळी पदवी असून तिच्यासाठी बारावीस गणित आवश्यक असते.

अभ्यासक्रम

पहिल्या वर्षी रेखाटन, रंगविचार, आकार व साहित्य यांचा पायाभूत अभ्यास असतो. पुढील वर्षांत पुढील विषयांवर भर दिला जातो.

आरेखन व बेतणी: मानवी शरीर वक्र असते आणि कापड सपाट; या दोहोंचा मेळ घालणे हा बेतणीचा मूळ प्रश्न होय. छाती, कंबर, नितंब, पाठीची लांबी इत्यादी मापांवरून प्रथम कागदावर मूळ नमुना काढला जातो. जादा कापड निमुळत्या घडीत, म्हणजे 'डार्ट'मध्ये, सामावून घेतले जाते. ही घडी खांदा, बगल किंवा कंबर यांपैकी कोठेही हलवता येते. त्यामुळे कपड्याचे बसणे कायम ठेवून त्याचे रूप पालटता येते.

ड्रेपिंग: येथे कागदाऐवजी पुतळ्यावर थेट कापड टाचण्यांनी बसवून आकार घडवला जातो. महाग कापड कापण्यापूर्वी सरावासाठी बहुधा मांजरपाट वापरतात. उभ्या धाग्याच्या दिशेने कापलेले कापड कमी ताणले जाते, तर तिरपे म्हणजे उरेब कापलेले कापड लवचीक होऊन अंगालगत पडते, हे विद्यार्थी प्रत्यक्ष हाताळून शिकतात.

वस्त्रशास्त्र: तंतू, सूत, विणकाम, रंगाई व छपाई यांचा यात समावेश होतो. तंतू ओळखण्याची एक सोपी पद्धत म्हणजे ज्वलन चाचणी. सुती धागा जळताना कागद जळल्यासारखा वास येतो, रेशीम व लोकर यांना केस जळल्याचा वास येतो, तर पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी बनतो.

मापश्रेणी: एका मापाचा नमुना लहान-मोठ्या मापांत रूपांतरित करण्यास ग्रेडिंग म्हणतात. भारतात दीर्घकाळ परदेशी मापश्रेण्यांचा आधार घेतला जात असल्याने भारतीय शरीररचनेनुसार प्रमाणित मापे ठरवण्यासाठी निफ्टने 'इंडियासाइज' हा प्रकल्प हाती घेतला. सहा शहरांतील सुमारे २५,००० व्यक्तींची त्रिमितीय स्कॅनरद्वारे मापे घेण्याचे त्याचे उद्दिष्ट होते.

यांखेरीज वेशभूषेचा इतिहास, संगणकीय आरेखन, विपणन आणि हस्तकला-दस्तऐवजीकरण हे विषय असतात. हस्तकलांच्या अभ्यासासाठी विद्यार्थी कारागिरांच्या वस्तीत जाऊन त्यांची साधने, प्रक्रिया आणि अर्थकारण यांची नोंद करतात. उद्योगातील उमेदवारी आणि शेवटच्या सत्रातील पदवी प्रकल्प यांनी अभ्यासक्रमाची सांगता होते.

महाराष्ट्रातील शिक्षण

महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ साली स्थापन केलेल्या, आज श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विद्यापीठात वस्त्र व फॅशन या विषयांचे शिक्षण दिले जाते. फॅशन डिझायनर अनिता डोंगरे या तेथील माजी विद्यार्थिनी आहेत. मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत वस्त्रसंकल्पन शिकवले जाते. पैठणी, हिमरू आणि कोल्हापुरी चप्पल या परंपरा राज्यातील विद्यार्थ्यांसाठी अभ्यासाचे जवळचे विषय आहेत.

पदवीनंतरच्या संधी

पदवीधर मुख्यतः निर्यातगृहे, तयार कपड्यांच्या नाममुद्रा, हातमाग संस्था, चित्रपट व दूरचित्रवाणी येथे काम करतात. संकल्पकाखेरीज पॅटर्न मेकर, मर्चंडायझर, गुणवत्ता तपासनीस व वेशभूषाकार ही पदेही त्यांना खुली असतात. सब्यसाची मुखर्जी, मनीष अरोरा व रितू बेरी हे निफ्टचे, तर राहुल मिश्रा हे एनआयडीचे माजी विद्यार्थी आहेत. मिश्रा यांना २०१४ साली आंतरराष्ट्रीय वूलमार्क पुरस्कार मिळाला. स्वतःच्या नावाने व्यवसाय उभारणाऱ्यांची उदाहरणे अधिक परिचित असली, तरी कारकिर्दीचा आरंभ बहुधा दुसऱ्याच्या हाताखालील कामाने होतो. कारखान्यातील अनुभवी कटिंग मास्टरला समजेल असे अचूक आरेखन करता येणे, हे या टप्प्यावरचे आवश्यक कौशल्य असते.

मर्यादा व वादविषय

शिक्षण शुल्काव्यतिरिक्त कापड, साहित्य, छायाचित्रण आणि पदवी प्रकल्प यांचा खर्च विद्यार्थ्यासच करावा लागतो. अल्प उत्पन्न गटातील आणि शिवणकाम घरातच शिकलेल्या मुलांनाही त्यामुळे हे शिक्षण दुष्प्राप्य ठरू शकते.

पारंपरिक कलेच्या श्रेयाचा प्रश्नही अलीकडे ठळक झाला आहे. कोल्हापुरी चपलेस २०१९ साली महाराष्ट्र व कर्नाटक यांच्यासाठी संयुक्त भौगोलिक मानांकन मिळाले. जून २०२५ मध्ये मिलान येथील प्राडाच्या प्रदर्शनात तशाच चपला मूळ उल्लेखाविना सादर झाल्यावर टीका झाली. त्यानंतर कंपनीने त्यांमागील भारतीय हस्तकलेची प्रेरणा मान्य केली. प्रेरणा आणि अनुकरण यांतील सीमारेषा, तसेच कारागिराचे श्रेय व मोबदला, हे प्रश्न हस्तकला-दस्तऐवजीकरणाच्या अभ्यासाशी थेट जोडलेले आहेत.

हेही पाहा

राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्था
राष्ट्रीय डिझाइन संस्था
भानू अथैया
पैठणी
भौगोलिक मानांकन