कॅमेऱ्याने ठरवायचे की आपण?

फिल्मवर छायाचित्र घेताना दोन गोष्टी ठरवाव्या लागतात. भिंगातले छिद्र किती उघडायचे आणि शटर किती वेळ उघडे ठेवायचे. फिल्मला किती प्रकाश मिळणार, म्हणजेच एक्स्पोजर किती, हे या दोहोंवर ठरते. नळाखाली बादली भरण्यासारखेच हे आहे. तोटी जास्त उघडली तर वेळ कमी लागतो. लख्ख उन्हात छिद्र एफ-16 आणि 100 आयएसओच्या फिल्मला शटर 1/125 सेकंद, असे ठोकताळे छायाचित्रकारांना पाठ असत.

हे काम यंत्रावर सोपवणारा पहिला कॅमेरा अमेरिकेतल्या कोडॅक कंपनीने 1938 साली बाजारात आणला. त्याचे नाव 'सुपर सिक्स-20'. प्रकाश पडला की त्यातल्या सेलेनियमच्या घटात वीज निर्माण होई व सुई सरके. शटर दाबताना ती सुई जागीच पकडली जाई आणि तिच्या स्थानानुसार छिद्र ठरे. पण किंमत होती 225 डॉलर! सामान्यांच्या हाती ही सोय देणाऱ्यांत जपानचा 'ऑलिंपस पेन ईई' (1961) महत्त्वाचा. प्रकाश अपुरा असला की त्याच्या दृश्यखिडकीत लाल पट्टी वर येई आणि शटर उघडतच नसे. 1976 च्या 'कॅनन एई-1' मध्ये तर हा हिशेब मायक्रोप्रोसेसर करू लागला.

मग माणसाच्या अंदाजाची गरज संपली का? तसे झाले नाही. कॅमेऱ्यातला प्रकाशमापक वस्तूवरून परतलेला प्रकाश मोजतो. वस्तू मुळात पांढरी आहे की काळी, हे त्याला कळत नाही. समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करडे आहे, असे तो गृहीत धरतो. त्यामुळे बर्फ मळकट दिसतो, काळी म्हैस राखाडी होते आणि खिडकीपाशी बसलेल्या माणसाचा चेहरा काळवंडतो. म्हणूनच एई-1 वर पाठीमागून येणाऱ्या प्रकाशासाठी एक वेगळे बटण होते. ते दाबले की एक्स्पोजर दीड स्टॉपने वाढे. स्वयंचलित यंत्रातही माणसाच्या हस्तक्षेपाला जागा ठेवावी लागली होती.

निकॉनने 1977 मध्ये 'एफएम' आणि 1978 मध्ये 'एफई' असे जवळजवळ सारखे दिसणारे दोन कॅमेरे आणले. एफएममध्ये सर्व हाताने ठरवायचे. बॅटरी लागे ती फक्त प्रकाशमापकाला. एफईमध्ये छिद्र आपण निवडले की शटरचा वेग कॅमेरा ठरवी. ढगांच्या सावल्या सरकत असताना चाललेल्या मिरवणुकीत एफईची सोय मोठी. पण रंगमंचावर दिवे तेच असतील आणि नट आधी पांढऱ्या, मग काळ्या पोशाखात येत असेल, तर हाताने एकदा ठरवलेले एक्स्पोजरच बरोबर ठरते. प्रकाश बदललेला नसतो, बदलतो तो पोशाख. स्वयंचलित कॅमेरा मात्र दर वेळी आकडा बदलतो. एफएमचा वारसदार 'एफएम2' 2001 पर्यंत तयार होत होता, हे म्हणूनच नवल नाही.

वर्गात एक प्रयोग करता येईल. एकाच उजेडात पांढरा कागद आणि काळे कापड यांची, चौकट पूर्ण भरेल अशी, दोन छायाचित्रे स्वयंचलित कॅमेऱ्याने घ्या. मोबाइलचाही चालेल. कागद अपेक्षेपेक्षा मळका आणि कापड अपेक्षेपेक्षा फिकट का आले, याचे कारण विद्यार्थ्यांनाच शोधू द्या.