कॅथलिक सामाजिक शिकवण व पाणलोट विकास (महाराष्ट्र)

पोप तेरावे लिओ यांच्या ‘रेरुम नोव्हारुम’ (1891) या परिपत्रकापासून कॅथलिक सामाजिक शिकवणीची आधुनिक मांडणी सुरू झाली. खालच्या पातळीवर जे जमते ते वरच्या सत्तेने हाती घेऊ नये, हे तत्त्व ‘क्वाद्राजेसिमो आन्नो’ या पुढच्या परिपत्रकाने (1931) ठळक केले. महाराष्ट्रात ते दुष्काळी शिवारांत उतरलेले दिसते. स्विस जेझुइट धर्मगुरू हर्मन बाखर (1924–2021) यांच्या पुढाकाराने 1989 मध्ये इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम आकाराला आला. नाबार्ड ही ग्रामीण विकास बँक त्यात सहभागी झाली. 1993 मध्ये बाखर व क्रिस्पिनो लोबो यांनी वॉटर (वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट) ही संस्था स्थापली.

या कार्यक्रमात आधी श्रमदान, मग निधी, असा शिरस्ता होता. चराईबंदी व कुऱ्हाडबंदी गावाने स्वतः ठरवायची. शेळ्यामेंढ्यांवर जगणाऱ्यांना ती जाचक, म्हणून सहमतीला वेळ लागे. गटवार शिवारफेरीत शेतकरी नवरा-बायको बांधावर उभे राहून कोठे समतल चर, कोठे नालाबांध हे सांगत. निर्णय ग्राम पाणलोट समितीचे. संगमनेर तालुक्यातील दरेवाडी हे याचे परिचित उदाहरण. या कामात धर्मप्रचार नव्हता. गावे बहुतांशी हिंदूच होती.